करडा पडलेला साग आधी धुवा, मग तासा

होडीवरचा साग करडा पडला की बहुतेक जण थेट सँडर, म्हणजे लाकूड घासून काढायचं यंत्र, मागवतात. हात जोडून सांगतो, थांबा. ऊन लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन खातं, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर उरतात ते करडे तंतू. हा थर अगदी पातळ असतो, खालचा साग शाबूत असतो. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. आपल्या कठड्याची पट्टी मात्र पाऊण-एक इंचाची. दर वर्षी तासली तर उरणार काय?

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की काम काढा. गोड्या पाण्यात थोडी कपड्यांची पावडर घालून मऊ ब्रशने, रेषांना आडवं घासा. उभं घासलं की मऊ भाग झिजतो, कठीण रेषा वर राहतात आणि नखाला लागतील अशा सऱ्या पडतात. प्रेशर वॉशर तेच नुकसान काही मिनिटांत करतो. तारेची घासणीही नको. तिचे कण लाकडात अडकून गंजतात.

खिळ्यांभोवतीचे काळे डाग साबणाने हलत नाहीत. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून ते झालेले असतात. त्यांना ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच हवं: लिटरभर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम. ते विषारी आहे, म्हणून हातमोजे, चष्मा आणि नाकाला मास्क हवाच. ब्रशने लावून पंधरा-वीस मिनिटं ओलं ठेवा. काळा डाग आधी जांभळट, मग फिकट होत जातो आणि भोवतालचं लाकूड मधाच्या रंगावर येतं. हे बघताना मला दर वेळी तितकाच आनंद होतो. नंतर भरपूर गोडं पाणी ओता. अ‍ॅसिड राहिलं तर वार्निश धरत नाही.

दोन-तीन दिवस सुकू द्या. आता १२० नंबरचा पॉलिशपेपर ठोकळ्याला गुंडाळून रेषांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा, मग २२०. साग तेलकट असतो, त्यामुळे वार्निशच्या अगदी आधी अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसा. विडी-काडी लांब ठेवा.

वार्निश ऊन सोसणारं, मरीनचंच घ्या. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून, म्हणजे ते आत मुरतं, दुसऱ्यात पाव, पुढचे जवळजवळ घट्ट. निदान सहा हात द्या, दर दोन हातांच्या मधे ३२० नंबरचा कागद फिरवा. सकाळी दव सुकलं की सुरू करा आणि दुपारचा खारा वारा सुटायच्या आत ब्रश धुवा.

पायाखालच्या फळ्यांना वार्निश लावू नका, ओल्यात पाय घसरतो. त्या करड्याच राहू द्या. कठड्याला मे महिन्यात, होडी वर ओढण्याआधी, आणखी दोन हात द्या. मधे कुठे ओरखडा दिसला तर तिथे लगेच वार्निशचा थेंब टेकवा, नाहीतर पाणी आत शिरून पापुद्रा खालून सुटत जातो.