चांगले लिहूनही वाचकाला सापडत नाही? ऑनलाइन वाचक जोडताना लेखकांनी या चुका टाळा

कवी कुंजविहारी, कवी संजीव आणि दत्ता हलसगीकर यांच्या सोलापुरात लिहिणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती आणि आजही नाही. मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड आणि उर्दू कानावर पडणाऱ्या पेठांमध्ये वाढलेल्या माणसांकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते, आणि ते लिहितातही. मात्र यांपैकी बहुतेकांचे नाव गुगलवर शोधले, तर पुस्तक प्रकाशनाच्या एखाद्या बातमीपलीकडे काहीच हाती लागत नाही. गेली काही वर्षे मी अशा लेखकांना आपले लेखन ऑनलाइन मांडण्यासाठी मदत करतो आहे, आणि या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की अडचण बहुधा लेखनाच्या दर्जाची नसते. ते ज्या स्वरूपात आणि ज्या जागी ठेवलेले असते, तिथपर्यंत वाचकाला पोहोचताच येत नाही.

ज्याला आज कंटेंट मार्केटिंग म्हणतात, त्याचा लेखकापुरता अर्थ सरळ आहे. वाचकाला उपयोगी पडेल किंवा वाचावेसे वाटेल असे काही आपण सातत्याने आणि विनामूल्य देत राहायचे, त्यातून ओळख आणि विश्वास निर्माण होऊ द्यायचा, आणि आपले पुस्तक त्या विश्वासाच्या आधारे वाचकापर्यंत न्यायचे. हे काम संयमाचे आहे. पुढील चुका झाल्या, तर मात्र कितीही संयम ठेवला तरी त्याचे फळ मिळत नाही.

मजकूर चित्रात अडकवणे

जुळे सोलापुरातील एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या फोनमध्ये स्वतःच्या दोनशेहून अधिक कविता होत्या, आणि त्यांतील प्रत्येक कविता चित्राच्या रूपात होती. मागे सूर्यास्त, कोपऱ्यात गुलाब, त्यावर पिवळ्या अक्षरांतल्या बारा ओळी आणि खाली त्यांचे नाव. रोज सकाळी एक चित्र व्हॉट्सॲपवर जात असे. त्यांच्याच एका चांगल्या कवितेची पहिली ओळ मी त्यांना गुगलवर टाकायला सांगितली. काहीही सापडले नाही. सापडणार तरी कसे, कारण त्या ओळी मजकूर म्हणून इंटरनेटवर कुठेच नव्हत्या.

चित्रातील अक्षरे ओळखण्याचे तंत्र आज साध्या फोनमध्येही आहे, हे खरे. परंतु कोणी शोध घेतला की आपली कविता त्या तंत्राच्या भरवशावर वर येईल, असे धरून चालता येत नाही. शिवाय पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकांना अशा चित्रातून बहुतेक वेळा काहीच ऐकू येत नाही. चित्र करण्यास माझा विरोध नाही. तीच कविता मजकूर म्हणूनही स्वतःच्या पानावर असली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

जुन्या फॉन्टमधील फाइल तशीच वापरणे

ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण तिच्यामुळे अनेक वर्षांचे लेखन अडकून पडते. पुस्तक छापताना डीटीपी, म्हणजे संगणकावर पानांची जुळणी, करणाऱ्याने दिलेली फाइल लेखक जपून ठेवतो, आणि ती आपल्या संकेतस्थळावर चिकटवू जातो तेव्हा पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षर दिसते मराठी, पण संगणक साठवतो रोमन. त्या फॉन्टमध्ये ‘कमल’ हा शब्द उमटवण्यासाठी डी, ई आणि वाय या कळा दाबल्या जातात, आणि संगणकाच्या लेखी तिथे तीच तीन रोमन अक्षरे असतात. फॉन्ट काढून घेतला की कमलही जाते. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक असल्यामुळे तो मजकूर कोणत्याही फोनवर, संगणकावर आणि शोधयंत्रात मराठी म्हणूनच ओळखला जातो.

जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. त्यांतून निघालेला मजकूर न वाचता प्रसिद्ध करणे ही मात्र पुढची चूक ठरते. ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते, रफार सरकतो, आणि ‘दऱ्या’ लिहिले असेल तिथे ‘दर्या’ होऊन डोंगरातला समुद्र तयार होतो. माझा आग्रह असा असतो की बदललेला मजकूर छापून, हातात पेन्सिल घेऊन एकदा वाचावा. पडद्यावर निसटलेल्या चुका कागदावर दिसतात. नवीन पुस्तकाचे काम देताना तर छापण्याच्या फाइलबरोबर संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये मिळेल, हे आधीच ठरवून घ्यावे.

शीर्षकात विषयच नसणे

आपल्या जिल्ह्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ मधील मराठी शिलालेख आहे. त्यावर एका अभ्यासू लेखकाने मेहनतीने लेख लिहिला आणि त्याला ‘पाषाणाचे शब्द’ असे शीर्षक दिले. शीर्षक सुंदर आहे. परंतु त्या शिलालेखाची माहिती शोधणारा विद्यार्थी हे शब्द कधीही टाकणार नाही. तो ‘हत्तरसंग कुडल शिलालेख’ असे लिहील, किंवा मराठी कळफलक सवयीचा नसल्यामुळे तेच रोमन अक्षरांत लिहील. काव्यमय शीर्षक कवितेला शोभते. माहितीपर लेखाच्या शीर्षकात गावाचे, वस्तूचे किंवा व्यक्तीचे नाव असायलाच हवे, आणि हौस असेल तर काव्यमय ओळ उपशीर्षकात घ्यावी. लोक एकच नाव निरनिराळ्या प्रकारे लिहितात, म्हणून कुडल आणि कूडल अशी दोन्ही रूपे मजकुरात ओघाने एकेकदा यावीत; मात्र पानाच्या तळाशी शब्दांची रास ओतू नये, कारण ती वाचकालाही खटकते आणि शोधयंत्रालाही.

याच्याशी जोडलेली एक बारीक गोष्ट आहे. ब्लॉगर या गुगलच्या ब्लॉग-सेवेवर शीर्षक देवनागरीत दिले की त्या पानाचा इंटरनेटवरचा पत्ता (यूआरएल) आपोआप ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा असा निरर्थक तयार होतो. वर्डप्रेस या संकेतस्थळ तयार करण्याच्या साधनात तो मराठीत तयार होतो, पण दुसरीकडे चिकटवताना बरेचदा टक्के-चिन्हांची लांबलचक साखळी होते, जिच्याकडे पाहून अनोळखी माणूस ती दाबायला धजत नाही. दोन्हीकडे पत्ता स्वतः लिहिण्याची सोय आहे. तीन-चार शब्दांचा सुटसुटीत रोमन पत्ता लेख प्रसिद्ध करण्यापूर्वीच द्यावा, कारण नंतर बदलल्यास आधी पाठवलेले दुवे तुटू शकतात.

सगळे लेखन परक्या जागेवर ठेवणे

एका समाजमाध्यमावर मी जवळपास दोन वर्षे साखर पेठ आणि अशोक चौक परिसरातील हातमाग कामगारांच्या आठवणी लिहीत होतो. पहाटे माग सुरू होण्याचा आवाज, पद्मशाली घरांतील तेलुगू गाणी, चादरीच्या नक्षीची कागदावरची आखणी, असे बरेच काही त्यात होते. कोणीतरी माझ्या खात्यात शिरकाव केला, त्यानंतर ते खाते बंद झाले आणि अनेक अर्ज करूनही परत मिळाले नाही. मी मूळ मजकुराची प्रत ठेवलेली नव्हती. ज्या वृद्ध विणकरांशी मी बोललो होतो, त्यांतील काही जण आता हयात नाहीत, आणि तो मजकूर पुन्हा लिहिणे मला शक्य झालेले नाही. त्याचे दुःख अजूनही आहे, म्हणूनच हा मुद्दा मी प्रत्येक लेखकाला पहिल्या भेटीत सांगतो.

खाते सुरक्षित राहिले, तरी ती जागा राहीलच असे नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले, आणि जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा तिथे वाचक किंवा प्रेक्षक जमवलेल्यांचे सगळे श्रम तिथेच राहिले. समाजमाध्यमे अवश्य वापरावीत, परंतु मूळ लेख स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवून तिथे त्याचा दुवा द्यावा. इन्स्टाग्रामवर चित्राखालच्या मजकुरात लिहिलेला दुवा सहसा दाबता येत नाही, तो परिचयाच्या जागेत (बायोमध्ये) द्यावा लागतो, हे अनेकांना ठाऊक नसते. प्रत्येक लेखाची तारखेसह फाइल आपल्या संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी असावी.

वाचकांचे पत्तेही असेच स्वतःकडे हवेत. ज्यांनी आपणहून ईमेल किंवा फोन क्रमांक दिला आहे, त्यांची यादी हे लेखकाचे सर्वांत टिकाऊ भांडवल असते. न विचारता शे-दोनशे ओळखीच्यांना एका व्हॉट्सॲप समूहात भरती करणे हा त्यावरचा उपाय नाही. त्यातील बरेच जण संकोचाने समूह सोडत नाहीत, पण वाचणेही सोडून देतात. ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याची व्हॉट्सॲपवरील यादी, केली, तर ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो, हेही ध्यानात ठेवावे.

वाचायला काही न ठेवणे

अनेक लेखकांची पाने उघडली की शाल-श्रीफळ स्वीकारतानाची छायाचित्रे, सन्मानचिन्हे आणि कार्यक्रमपत्रिका एकापाठोपाठ एक दिसतात. सत्काराचा आनंद खरा असतो आणि तो वाचकांना सांगण्यात गैर काही नाही. परंतु लेखकाला न ओळखणारा माणूस त्या पानावर आला, तर त्याला हा माणूस लिहितो कसा, हे कळायला हवे, आणि नेमके तेच तिथे नसते. काही जण त्याच्या दुसऱ्या टोकाला जातात आणि रोज सकाळी ‘आयुष्य सुंदर आहे’ अशा धर्तीचे चार परिच्छेद लिहितात, जे कोणीही, कुठेही बसून लिहू शकेल.

माझा सल्ला असा की जे पुस्तक लिहिले आहे किंवा लिहायचे आहे, त्याच्या आजूबाजूचा विषय धरावा. विडी कामगार स्त्रियांवर कादंबरी लिहिणाऱ्या लेखिकेने तेंदूची पाने भिजवण्यापासून विड्यांचे कट्टे बांधण्यापर्यंतचे काम कसे चालते, कुंभारीची कामगार वसाहत कशी उभी राहिली, दिवसाचा हिशेब कसा होतो, हे लिहावे. मंगळवेढ्याच्या कोरडवाहू शेतीवर कथा लिहिणाऱ्याने मालदांडी ज्वारीविषयी आणि हुरड्याविषयी लिहावे. या माहितीसाठी आलेला वाचक विषयाच्या ओढीने आलेला असतो, त्यामुळे तो पुस्तकाकडे वळण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. लिहिताना आपली सोलापुरी बोली घासूनपुसून काढून टाकू नये. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, असे ठेवले तर नाशिकचा वाचकही ते सहज वाचतो.

वेळ चुकणे

सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेवरचे लेख दरवर्षी संक्रांतीच्या दिवशीच प्रसिद्ध होताना दिसतात. नंदीध्वज, अडुसष्ट लिंगे, अक्षता सोहळा यांची माहिती लोक त्याआधीच शोधू लागतात, आणि नव्या पानाची नोंद घेऊन ते वर आणायला शोधयंत्राला कित्येक दिवस, क्वचित आठवडेही लागतात. असा लेख डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तयार हवा. दरवर्षी नवे पान करण्यापेक्षा त्याच पानात नवी माहिती भरावी आणि पत्त्यात वर्ष घालू नये, म्हणजे आधी मिळालेली दखल वाया जात नाही.

दिवाळी अंकांसाठी लिहिणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. बहुतेक संपादकांना अप्रकाशित साहित्य हवे असते, आणि स्वतःच्या पानावर टाकलेली कथाही प्रकाशितच धरली जाऊ शकते. म्हणून अंकाकडे पाठवायची कथा ऑनलाइन ठेवू नये. ती कशी सुचली यावर लिहावे, आणि अंक बाजारात आल्यानंतर संपादकांच्या संमतीने कथेतील एखादा भाग द्यावा.

नाव पुसले जाणे

मजकूर पुढे पाठवताना शेवटची ओळ गाळली जाते आणि काही दिवसांत तीच कविता ‘कवी अज्ञात’ म्हणून आपल्याकडेच परत येते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनावरचा हक्क लेखन होताच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो. तरीही ते लेखन आपलेच असल्याचे दाखवता आले पाहिजे, आणि तिथे स्वतःच्या संकेतस्थळावरचे तारीखवार पान उपयोगी पडते. लेख असेल, तर व्हॉट्सॲपवर पहिले दोन परिच्छेद आणि दुवा एवढेच पाठवावे.

पान शोधात येतच नसेल तर

आधी वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधील ‘रीडिंग’ विभागात शोधयंत्रांना परावृत्त करणाऱ्या चौकटीत खूण राहिली आहे का, ते पाहावे. संकेतस्थळ तयार करताना दिलेली ही खूण काढायची राहून जाते, आणि मी पाहिलेल्या अनेक तक्रारींचे मूळ तेवढेच निघाले. ब्लॉगरवरही शोधयंत्रांना पान दिसू देण्याची अशीच सोय आहे, ती चालू असावी. त्यानंतर गुगल सर्च कन्सोल या विनामूल्य साधनात आपले संकेतस्थळ जोडून त्या पानाचा पत्ता तपासायला टाकावा. याच साधनात लोक कोणते शब्द टाकून आपल्यापर्यंत आले, तेही गेल्या १६ महिन्यांपर्यंतचे दिसते. लाइकच्या आकड्यांपेक्षा ही यादी महिन्यातून एकदा वाचणे मी अधिक महत्त्वाचे मानतो, कारण पुढचा लेख कशावर लिहावा हे त्यातूनच समजते.

पान दिसते, वाचकही येतात, पण पुस्तक जात नाही, अशी तक्रार असेल, तर स्वतःला अनोळखी ग्राहक समजून पुस्तकाचे पान उघडून पाहावे. पुष्कळदा तिथे मुखपृष्ठ आणि अभिप्राय असतात, पण किंमत, पृष्ठसंख्या, टपालखर्च, पैसे पाठवण्याचा मार्ग आणि पुस्तक किती दिवसांत मिळेल, यांतले काहीच नसते. या पाच गोष्टी आणि पुस्तकातील एक संपूर्ण प्रकरण त्या पानावर ठेवावे, आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी त्या पानाचा दुवा द्यावा.