क्लस्टरसाठी स्टार्ट-स्टॉप स्क्रिप्ट लिहिताय? मग स्टॉपवर जास्त वेळ घाला

आधी एक बघा, स्क्रिप्ट लिहायची खरंच गरज आहे का? पेसमेकर-कोरोसिंकचा क्लस्टर (एक मशीन पडलं की सर्व्हिस दुसऱ्यावर उठवणारी जोडणी) असेल तर पोस्टग्रेस, अपाचे, मारियाडीबी असल्या नेहमीच्या मंडळींसाठी तयार एजंट, म्हणजे चालू-बंद करणाऱ्या स्क्रिप्ट मिळतात, आणि ज्याचं सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणारा) युनिट धड चालतं ते पेसमेकर थेटसुद्धा चालवतो. उरतं ते आपलं घरचं अ‍ॅप्लिकेशन, म्हणजे कुणीतरी कधीकाळी लिहून गेलेला जावा सर्व्हर, चालू करायला एक शेल स्क्रिप्ट आणि बंद करायची रीत काय तर "किल मार". त्याच्यासाठी हे सगळं. उदाहरण दोन नोडचं, म्हणजे दोन मशीनचं धरू, डेटा शेअर्ड डिस्कवर, आणि डिस्क एका वेळी एकाच नोडवर माउंट.

पायरी १: बूटच्या वेळचं ऑटोस्टार्ट काढा

दोन्ही नोडवर सिस्टमडीत ती सर्व्हिस डिसेबल करा. एकावर करून दुसरा विसरणारे खूप बघितलेत. मशीन रीबूट झालं की सिस्टमडी आपल्या मनाने सर्व्हिस उठवतो, क्लस्टरला पत्ताच नाही, आणि मग एकाच सर्व्हिसला दोन मालक.

पायरी २: मॉनिटर आधी लिहा

हो, स्टार्टच्याही आधी, कारण स्टार्ट आणि स्टॉप दोघांनाही सारखं विचारावं लागतं की बाबा, चालू आहे का? ओसीएफ पद्धतीत (क्लस्टर एजंट लिहायची ठरलेली पद्धत) उत्तर एक्झिट कोडने द्यायचं: चालू असेल तर ०, नीट बंद असेल तर ७, चालू आहे पण बिघडलंय तर १. हा ७ लक्षात ठेवा, कारण जुन्या इनिट स्क्रिप्टच्या स्टेटसमध्ये "बंद" साठी ३ असतो आणि ती स्क्रिप्ट तशीच कॉपी केली की इथे घोळ होतो, ओसीएफमध्ये ३ चा अर्थ "ही अ‍ॅक्शन मला येतच नाही" असा आहे.

आता प्रोब. रिसोर्स (क्लस्टर सांभाळतो ती सर्व्हिस) सुरू करण्याआधी पेसमेकर तो कुठे आधीच चालू नाही ना हे बघायला सगळ्या नोडवर एकेकदा मॉनिटर मारतो, म्हणजे जिथे डिस्क माउंट नाही तिथेही. तुमची जार फाइल त्या डिस्कवर असेल आणि ती दिसली नाही म्हणून स्क्रिप्टने ५ दिला, म्हणजे "सॉफ्टवेअर बसवलेलंच नाही", तर तो नोड त्या रिसोर्सपुरता बादच होतो. अशा वेळी मुकाट ७ द्यायचा.

आणि प्रोसेस शोधताना नुसतं नावावर ग्रेप मारू नका. मी मारलेला. प्लॅन्ड स्विचओव्हर होता, म्हणजे ठरवून सर्व्हिस दुसऱ्या नोडवर न्यायची होती, मी आरामात एका खिडकीत अ‍ॅपचा लॉग टेल-एफ (नव्या ओळी दाखवत राहणारी कमांड) लावून बसलेलो, आणि लॉगच्या नावात अ‍ॅपचं नाव. स्टॉपने पीआयडीला (प्रोसेसच्या नंबरला) टर्म, म्हणजे "नीट बंद हो" असा सिग्नल पाठवला, अ‍ॅप शहाण्यासारखं चार सेकंदांत बंद झालं, पण माझ्या ग्रेपला अजून "अ‍ॅप" दिसतंच आहे, कारण ते माझंच टेल! स्क्रिप्ट थांबली, थांबली, टाइमआउट झाला, क्लस्टरने ठरवलं की स्टॉप फेल आणि नोडची पॉवर उडवली. माझी खिडकी तिथेच गोठली. त्या नोडवरच्या बाकीच्या दोन सर्व्हिसेस फुकटच्या आडव्या झाल्या, ते वेगळंच. तेव्हापासून पीआयडी फाइल वाचायची, तो पीआयडी जिवंत आहे का बघायचं, आणि प्रॉकमधली त्याची कमांडलाइन आपल्याच जारची आहे ना तेही बघायचं. जुनी पीआयडी फाइल मागे राहिली आणि तोच नंबर दुसऱ्या कुठल्या प्रोसेसला मिळाला असं होतं, त्यामुळे तिसरी तपासणी आळस करून सोडू नका.

पायरी ३: स्टार्ट

पहिली ओळ: मॉनिटर विचारा, चालूच असेल तर ० देऊन बाहेर पडा. "आधीच चालू आहे" ही क्लस्टरच्या लेखी चूक नाही.

नसेल तर सुरू करा, पण लगेच ० देऊ नका. जावा प्रोसेस जन्माला येणं वेगळं आणि पोर्टवर उत्तर देणं वेगळं, मध्ये अर्धा मिनिटसुद्धा जातो. मॉनिटर मारा, एक सेकंद झोपा, परत मारा, असा लूप चालवा, फक्त प्रोसेसच मेली असेल तर मात्र लगेच १ द्या. लूपला स्वतःची मर्यादा घालायची गरज नाही, वेळ संपली की क्लस्टर स्वतःच कापतो. तुम्ही टाइमआउट दिला नाही तर पेसमेकर २० सेकंद धरतो, जावाला ते बहुतेक कमीच पडतात, म्हणून घड्याळ लावून मोजा आणि मोजलेल्याच्या दुप्पट-तिप्पट द्या.

पाथ सगळे पूर्ण लिहा, जावाचासुद्धा. क्लस्टर तुमचं बॅश प्रोफाइल वाचत नाही. "हाताने चालते, क्लस्टरमध्ये चालत नाही" ही तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच बघतो.

पायरी ४: स्टॉप

स्टार्ट फेल झाला तर फार काय, क्लस्टर दुसऱ्या नोडवर प्रयत्न करतो. स्टॉप फेल झाला की फेन्सिंग, म्हणजे अख्ख्या मशीनचा बळी. आणि फेन्सिंग लावलंच नसेल तर रिसोर्स तिथेच अडकून बसतो, ना इकडे ना तिकडे.

आधीच बंद असेल तर ०. चालू असेल तर टर्म, मग लूपमध्ये वाट, तरी हटत नसेल तर किल-९ (जबरदस्तीने मारणं), आणि त्यानंतरही मॉनिटरने ७ दिल्याशिवाय ० नाही. किल कधी मारायचा? क्लस्टर स्क्रिप्टला चालू अ‍ॅक्शनचा टाइमआउट ओसीएफ_रेसकी_सीआरएम_मेटा_टाइमआउट या व्हेरिएबलमध्ये देतो, मिलीसेकंदांत असतो म्हणून १००० ने भागा, त्यातून दहाएक सेकंद वजा करा आणि तेवढा वेळ टर्मला द्या.

कधीकधी प्रोसेस डिस्कच्या आयओत अशी अडकते की किल-९ लाही दाद देत नाही, पीएसमध्ये डी अवस्था दिसते. तेव्हा "जाऊ दे, ० देऊ" हा मोह होतोच. नका देऊ. तुमच्या ० वर विसंबून क्लस्टर दुसरीकडे तेच अ‍ॅप उठवणार, आणि एकाच डेटावर दोघं लिहायला लागले की नंतर बॅकअपच शोधायचा. १ द्या, होऊ दे फेन्सिंग, ते असतंच त्यासाठी.

पायरी ५: हाताने छळ करा

मेटा-डेटा आणि व्हॅलिडेट-ऑल या अ‍ॅक्शन एखाद्या तयार एजंटवरून उचलून आपल्याप्रमाणे बदला, त्यात डोकं घालण्यासारखं फार नाही. मग क्लस्टरबाहेर ओळीने चालवा आणि दर वेळी एक्झिट कोड बघा: मॉनिटर ७, स्टार्ट ०, परत स्टार्ट ०, मॉनिटर ०, स्टॉप ०, परत स्टॉप ०, मॉनिटर ७. नंतर अ‍ॅप चालू असताना स्वतःच किल-९ मारा, पीआयडी फाइल तशीच ठेवा, आणि मॉनिटर फसतो का बघा. लॉगवर टेल लावून स्टॉपही करून बघा, माझ्या आठवणीखातर.

हे सगळं जमलं की क्लस्टरमध्ये घाला, एकाच ग्रुपमध्ये आधी फाइलसिस्टम, मग आयपी, मग अ‍ॅप, थांबताना क्रम आपोआप उलटा होतो. नोड स्टँडबाय करून दोन्ही दिशांना फिरवा. शेवटी पीसीएस रिसोर्स क्लीनअप (फेल झाल्याच्या जुन्या नोंदी पुसणारी कमांड) मारायला विसरू नका, कारण टेस्टिंगमध्ये एकदा जरी स्टार्ट फेल झालेला असेल तरी डीफॉल्ट सेटिंगमध्ये तो नोड त्या रिसोर्ससाठी बंद राहतो, आणि खऱ्या फेलओव्हरच्या रात्री सर्व्हिसला जायला जागाच नसते.