शुक्रवारच्या सामन्याआधी: कॉलेजचा पोरगा प्रो होईल का, हे जोखायची तयारी

आमच्या ॲन आर्बरच्या (अमेरिकेत, मिशिगन राज्यात) मराठी मंडळींत दर हिवाळ्यात एक वाद ठरलेला. शुक्रवारी संध्याकाळी योस्ट रिंकवर मिशिगन विद्यापीठाचा हॉकी सामना बघायचा, मग कुणाच्या तरी घरी मिसळ, आणि पहिला घास पोटात जायच्या आत कुणीतरी विचारणार, 'काय हो, हा नवा लेफ्ट विंगर एनएचएलला, म्हणजे इथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगला, जाणार का?' (इथे हॉकी म्हणजे बर्फावरची. धनराज पिल्ले खडकीत जी खेळत मोठे झाले ती नव्हे.) काही वर्षांपूर्वी मी अशाच एका पोराबद्दल छातीठोक 'जाणारच' म्हटलं, कारण त्याचे पॉइंट्स (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) सगळ्यांत जास्त होते. तो गेला नाही. पैजेपायी मला अख्ख्या टोळीला पुरणपोळ्या खाऊ घालाव्या लागल्या. तेव्हापासून सामन्याला निघण्याआधी थोडी तयारी करतो.

सगळ्यांत आधी प्रश्न नीट ठरवून घ्या. 'प्रो' म्हणजे नक्की काय? एनएचएलचे ३२ संघ, त्याखाली एएचएलचे ३२, त्याखाली ईसीएचएल, आणि पलीकडे स्वीडन, जर्मनी, फिनलंडच्या लीग. हॉकीवर चार पैसे कमावणं आणि एनएचएलमध्ये दोनशे सामने टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिव्हिजन वनच्या (कॉलेज हॉकीच्या सर्वांत वरच्या स्तराच्या) बऱ्या संघातल्या चांगल्या खेळाडूला कुठे ना कुठे पगार मिळतोच, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. वहीच्या पहिल्या ओळीत लिहा: 'एनएचएल, नियमित, होय की नाही?' मग पुढे चला.

दुसरी ओळ जन्मतारखेची, आणि माझ्या मते अर्धा निकाल इथेच लागतो. अमेरिकेतली बरीच पोरं शाळा संपल्यावर एक-दोन वर्षं यूएसएचएलसारख्या ज्युनियर लीगमध्ये खेळून मग कॉलेजात येतात. त्यामुळे 'फ्रेशमन', म्हणजे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, हा शब्द फसवा आहे. एक फ्रेशमन सतराचा असतो, दुसरा एकवीस पुरा करत आलेला असतो, आणि दोघं एकाच बर्फावर, एकाच आकडेपटात. मॅकलिन सेलेब्रिनी २०२३-२४ मध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटीकडून ३८ सामन्यांत ६४ पॉइंट्स काढत होता तेव्हा हंगामभर तो सतराचाच होता, समोर बावीस-तेवीस वर्षांचे बाप्ये. आता २०१३ चा ड्रू लेब्लाँक घ्या. सेंट क्लाउड स्टेटमध्ये पाय मोडल्यामुळे पाचवं वर्ष खेळला, ४२ सामन्यांत ५० पॉइंट्स केले. आकडा देखणाच, पण वय २३. दोघांनाही होबी बेकर पुरस्कार, म्हणजे कॉलेज हॉकीतला सर्वोच्च मान मिळाला. सेलेब्रिनी ड्राफ्टमध्ये (एनएचएलचे क्लब दरवर्षी आळीपाळीने नवी पोरं निवडतात, त्यात) पहिल्या क्रमांकाला गेला. लेब्लाँक शिकागोकडून एनएचएलचे दोन सामने खेळला, संपलं.

वयात महिनेही मोजा. ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पुरे लागतात. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी हुकला आणि २०१५ ऐवजी २०१६ च्या ड्राफ्टमध्ये गेला. तेव्हा एकाच ड्राफ्टमधल्या दोन पोरांत जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं, हे लक्षात ठेवून तुलना करा. आपल्याकडे दहावीच्या वर्गात जूनचं पोर आणि मेचं पोर शेजारी बसतं, तसंच.

मग बघा, ड्राफ्ट झालाय का, कितव्या फेरीत, आणि हक्क कोणाकडे. कॉलेजच्या खेळाडूला एखाद्या क्लबने निवडलं तरी तो शिकत राहू शकतो, आणि आजवरच्या नियमाने चार वर्षं पुरी करून १५ ऑगस्टपर्यंत सही केली नाही तर मोकळा होतो. (लीग आणि खेळाडूंच्या सप्टेंबर २०२६ पासूनच्या नव्या करारात हक्कांच्या मुदतीचे नियम बदलले आहेत, म्हणून पोरगा कोणत्या ड्राफ्टचा तेही टिपा.) हा नियम काही खेळाडूंनी फार हुशारीने वापरला. हार्वर्डच्या जिमी वीसीने २०१६ च्या ऑगस्टमध्ये मोकळं होऊन न्यूयॉर्क रेंजर्स निवडले. डेन्व्हरच्या विल बुचरने पुढच्याच वर्षी तसंच करून न्यू जर्सीची वाट धरली. ॲडम फॉक्स तर हार्वर्डमध्ये तीन वर्षं खेळला तोवर त्याचे हक्क कॅलगरीकडून कॅरोलायनाकडे आणि तिथून रेंजर्सकडे गेले. २०२१ मध्ये त्याने सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी घेतली. तेव्हा तिसऱ्या-चौथ्या वर्षीही सही केलेली नाही, म्हणजे पोरात खोट आहे, असं लगेच धरू नका. कधी कधी क्लबकडे जागा नसते, कधी पोरगाच वाट बघत असतो.

ड्राफ्टच न झालेल्यांवर किंवा अगदी शेवटी निवडलेल्यांवर फुली मारू नका. मार्टिन सेंट लुई व्हरमाँट विद्यापीठातून आला, उंची पाच फूट आठ इंच, कोणी निवडला नाही, आणि २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. विस्कॉन्सिनचा जो पावेल्स्की २००३ च्या ड्राफ्टमध्ये २०५ वा होता, तरी एनएचएलमध्ये वर्षानुवर्षं टिकला. पण आमच्यातले काहीजण अशी दोन उदाहरणं पाठ करून प्रत्येक बुटक्या पोराला सेंट लुई ठरवतात, त्याचा मला कंटाळा आलाय. अपवाद लक्षात राहतात ते अपवाद असतात म्हणूनच. आणि वय इथेही आडवं येतं. बावीस-तेवीसच्या पोराचा पहिला करार दोन वर्षांचा, चोवीसच्या पोराचा एकाच वर्षाचा. म्हणजे उशिरा सही करणाऱ्याला स्वतःला सिद्ध करायला फार कमी वेळ मिळतो.

आता आकडे. एकूण पॉइंट्स बघून थांबू नका, ते फोडा. पॉवर प्लेवरचे (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे) किती, समसमान पाच-पाच खेळाडू असतानाचे किती? कॉलेजात पॉवर प्ले चालवणारा पोरगा एनएचएलमध्ये गेल्या गेल्या ते काम मिळवत नाही, तिथे त्याच्या आधी दोन-चार कोटींच्या (डॉलरच्या हो) करारांची माणसं रांगेत असतात. गोलांपेक्षा दर सामन्याला शॉट्स किती, हे मी जास्त मानतो. शॉट कमी आणि गोल खूप, असं दिसलं की पुढच्या वर्षी घसरगुंडी ठरलेली. त्याच्या लाइनवर, म्हणजे बरोबर बर्फावर उतरणाऱ्या फॉरवर्डांत, कोण आहे तेही पाहा. आमच्या मिशिगनचंच सांगतो: २०२१ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचपैकी चौघे इथले खेळाडू होते किंवा इथे यायचं ठरलेले. ओवेन पॉवर पहिला, मॅटी बेनिअर्स दुसरा, ल्यूक ह्यूज चौथा, केंट जॉन्सन पाचवा. अशा पोरांच्या शेजारी खेळताना कोणाचेही पॉइंट्स फुगतात. गंमत अशी की इतकं असून पुढच्या, २०२१-२२ च्या हंगामात विजेतेपद डेन्व्हरने नेलं.

२०२५-२६ पासून जुन्या आकड्यांशी तुलना जपून करा. त्याआधी कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्यांना कॉलेजची दारं बंद होती. ती उघडली, आणि गॅव्हिन मॅकेनासारखा पोरगा कॅनडातल्या मेडिसिन हॅटहून थेट पेन स्टेट विद्यापीठात आला. सगळीकडे चुरस वाढली आहे. आता वीस गोल करणं आणि पाच वर्षांपूर्वी वीस करणं एक नव्हे.

एवढं घरी झालं की निघा. जाडी पँट, टोपी, वही, पेन (बर्फाजवळ बॉलपेन रुसतं, पेन्सिल बरी). काचेला खेटून बसायचा मोह टाळा. तिथून धडका छान दिसतात, खेळ दिसत नाही. वर, कोपऱ्याच्या बाजूला बसा. वॉर्म-अप चुकवू नका, पण त्यात हाताची करामत बघून भुलू नका, पाय बघा. थांबलेल्या अवस्थेतून पहिली तीन पावलं किती झपाट्याने पडतात? उजवीकडे वळतो तितक्याच सहज डावीकडे वळतो का?

सामना सुरू झाला की पहिला पिरियड (तीनपैकी पहिला भाग) पक, म्हणजे ती रबरी चकती, सोडून फक्त त्या पोराकडे बघा. अवघड जातं, डोळे आपोआप पककडे पळतात. डिफेन्समन असेल तर एक प्रसंग हमखास शोधा. समोरच्यांनी पक त्याच्या मागे कोपऱ्यात भिरकावलाय, हा मागे वळून धावतोय, एक आडदांड फॉरवर्ड त्याच्या पाठीवर येतोय. पकपर्यंत पोचायच्या आत तो खांद्यावरून मागे किती वेळा बघतो, ते मोजा. एकदाही नाही, तर वहीत काट. दोनदा बघितलं, डावीकडे जाण्याचा नुसता आविर्भाव केला, उजवीकडे वळला आणि सेंटरच्या काठीवर नेमका पास ठेवला, तर त्या चार सेकंदांसाठी मी त्याचे पाच गोल द्यायला तयार आहे. गर्दी गप्प असते तेव्हा, विद्यार्थ्यांच्या गॅलरीतही कोणी ओरडत नाही. एनएचएलमध्ये हाच वेळ आणखी कमी मिळतो, सगळा फरक तिथे आहे.

फॉरवर्ड असेल तर बघा, पक गमावल्यावर पहिली हालचाल कुठे. मान खाली घालून गोल वळसा घेतो की जिथे गमावला तिथेच थांबून परत भिडतो? आणि एक गोलची आघाडी असताना शेवटच्या दीड मिनिटात कोच कोणाला पाठवतो, हे लिहून ठेवा. कोच त्याला रोज सरावात बघतो, त्याने तुमच्यापेक्षा जास्त पाहिलंय.

गोलीबद्दल, म्हणजे गोलकीपरबद्दल, मी मत देत नाही. तुम्हीही शक्यतो देऊ नका. कॉनर हेलेबक २०१२ मध्ये पाचव्या फेरीत गेला, यूमास लोवेलमध्ये दोन वर्षं खेळला, आणि २०२५ मध्ये अख्ख्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. उलट २०२२ चा होबी बेकर मिळवलेला गोली ड्रायडेन मॅके कोणत्याच ड्राफ्टमध्ये निवडला गेला नव्हता. गोलीच्या बाबतीत क्लबांसाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउटांचीही दाणादाण उडते.

शनिवारीही जा. कॉलेजचे सामने सहसा शुक्रवार-शनिवार जोडीने असतात, तोच विरोधक, पाय थकलेले. शुक्रवारी चमकलेला पोरगा शनिवारी तिसऱ्या पिरियडमध्ये कुठे असतो, हे जास्त बोलकं. कॉलेजात हंगामात चाळीसेक सामने, एनएचएलमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त.

मार्चअखेर कॉलेजचे हंगाम संपू लागले की वही पुन्हा उघडा. कुणी थेट एनएचएलमध्ये उडी मारतो. केल मकारने २०१९ मध्ये शनिवारी फायनल हरली, सोमवारी कोलोरॅडोकडून प्लेऑफमध्ये उतरला आणि पदार्पणात गोल केला. बाकीचे बहुतेक एएचएलमध्ये ट्रायआउटवर चार-सहा सामने खेळतात, आणि हे सामने कोणी बघायला जात नाही. तुमच्या यादीतला कोणी तिथे उतरला तर एप्रिलमध्ये गाडी काढा. आमच्याकडून ग्रँड रॅपिड्स, जिथे एएचएलचा संघ आहे, दोन तासांवर. कॉलेजात चार वर्षं चेहऱ्यावर पूर्ण जाळी असायची, आता अर्धी काच आणि समोर तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप असलेला डिफेन्समन. पहिल्या शिफ्टला, म्हणजे पहिल्यांदा बर्फावर उतरल्यावर, तुमचा पोरगा कोपऱ्यात कसा शिरतो, ते बघा.