ऑनलाइन आरोग्य कार्यक्रम: सवय बदलायची तर तो कसा वापरावा

मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली आले. लक्ष्य दोनच: वजन सात टक्क्यांनी उतरवायचं आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं झपाझप चालायचं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. भारतात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर पुरुषांना फक्त मोबाइलवर नियमित संदेश पाठवले, तरी ते ३६ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे महागडं घड्याळ नसलं तरी चालतं. कुणीतरी मागे लागलेलं मात्र हवं.

म्हणून ऑनलाइन कार्यक्रमाचे पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: माझी नोंद कोण वाचणार आणि उत्तर किती दिवसांत देणार? नीट उत्तर मिळालं नाही तर ते ॲप म्हणजे नुसती वही.

पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त लिहा. खाल्ल्या खाल्ल्या लिहा. रात्री आठवून लिहिलं की चहाबरोबरची बिस्किटं हमखास गळतात. वाटी एकदा मापून घ्या, कारण ॲपची वाटी ठरलेल्या मापाची असते आणि आपली आमटीची वाटी त्याहून मोठी निघू शकते.

सगळ्यात जास्त फसवतं ते फोडणीचं तेल. ते पानात वेगळं दिसत नाही, त्यामुळे नोंदीतही येत नाही. हिशेब महिन्याच्या पिशवीवरून करा: चौघांच्या घरात ४ लिटर संपत असेल, तर माणशी रोज ३३ मिली, म्हणजे जवळपास पावणेतीनशे कॅलरी. ३ लिटरवर आणलं की माणशी रोज सत्तरेक कॅलरी वाचतात, तेही एकही पदार्थ न सोडता.

दुसऱ्या आठवड्यापासून बदल एकच, आणि तो रोजच्या एखाद्या कामाला जोडलेला. ‘रोज चालेन’ असं नको. ‘रात्री ताटं उचलली की दहा मिनिटं चालेन’ असं ठरवा. फोन ओट्यावर राहिला तर पावलं मोजली जात नाहीत, तेव्हा मिनिटंच लिहा. व्यायामाच्या कॅलरी जेवणात वाढवून देणारी सोय बंद करा. तो आकडा बऱ्याचदा फुगलेला असतो.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी. किलोभराचा चढउतार पाण्याचा आणि मिठाचाही असतो.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस तपासून घ्या. साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि ते ॲपला कळत नाही.