संभाजीनगरात वेळ घेतलीय? मग पत्ता घेताना या चुका टाळा

दवाखान्याची असो की कोर्टाची, ठरलेली वेळ हुकते तेव्हा लोक ट्रॅफिकला नावं ठेवतात. खरं तर माणूस बहुतेक वेळा घरी असतानाच चुकलेला असतो. फोनवर "सिडकोत या" असं ऐकलं की तो "बरं" म्हणून ठेवून देतो.

सिडको म्हणजे एक गल्ली नव्हे, मोठी वसाहत आहे. एन-१ पासून एन-१३ पर्यंत भाग आहेत आणि आकडे ओळीने सापडतील ही आशा सोडा. एन-६ विचारत एन-५ पर्यंत आलो म्हणजे पोचलोच, असं होत नाही. 'एन' कितवा, सेक्टर कोणता, घर किंवा प्लॉट नंबर काय आणि समोर काय आहे, हे चारही कागदावर लिहून घ्या. समोरचा माणूस घाईत असला तरी विचारा. त्यात लाजायचं काय?

दुसरी चूक सरकारी कामात होते. नुसतं "कोर्टात सोडा" म्हटलं तर रिक्षा अदालत रोडला जिल्हा न्यायालयापाशी थांबायची. तुमची तारीख मात्र जालना रोडवरच्या हायकोर्टाच्या खंडपीठात. हायकोर्ट म्हणायचं असेल तर हायकोर्टच म्हणा. दवाखान्याचंही तसंच. कर्करोगाचं सरकारी रुग्णालय आमखास मैदानाजवळ आहे, घाटीच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, आवारात नाही. आजारी माणसाला घेऊन घाटीत या इमारतीतून त्या इमारतीत हिंडायचं आणि मग कळायचं की जागाच वेगळी, यासारखी दमणूक नाही. चिठ्ठीवर रुग्णालयाचं पूर्ण नाव आणि विभाग आहे का, ते निघण्याआधी वाचा.

जालन्याकडून येणाऱ्यांची आणखी एक सवय: गाडी शेवटी थांबेल तिथेच उतरायचं. सिडको बसस्थानक आधी लागतं, मध्यवर्ती बसस्थानक पुढे पाच-सहा किलोमीटरवर. काम एमजीएम रुग्णालयात, हायकोर्टात किंवा कॅनॉटच्या बाजारात असेल तर सिडकोलाच उतरा. घाटी, औरंगपुरा, गुलमंडी असेल तर शेवटपर्यंत बसा. कंडक्टरला चढतानाच विचारून ठेवलं की डुलकी लागली तरी तो हाक मारतो. निदान बहुतेक जण मारतात.

जालना रोडवर उड्डाणपुलांचं भान ठेवा. मोंढा नाका, सेव्हन हिल, सिडको इथे रिक्षा पुलावर चढली की चौक खालीच राहतो आणि मग परत फिरून यावं लागतं. बसतानाच सांगा, "पुलाखालून घ्या." जुन्या शहरात नकाशावर डोळे झाकून विसंबू नका. तो जवळचा रस्ता दाखवतो, पण जुन्या शहराच्या वेशीवरच्या दरवाजांच्या कमानीतून समोरासमोर दोन गाड्या अडकल्या की तो जवळचा रस्ता लांबचा होतो. चारचाकी असेल तर अलीकडेच कुठे तरी लावून रिक्षा केलेली बरी.

नावांचाही घोळ आहे. महावीर चौक म्हणाल तर जुने लोक बाबा पेट्रोल पंपच म्हणतील. २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं, तरी जुन्या पाट्यांवर आणि कागदांवर औरंगाबाद दिसेल. गोंधळू नका, गाव तेच आहे.

आता चुकलातच तर? आधी थांबा. चालत राहून रस्ता सापडत नाही, उलट फाटे वाढतात. घाईत जाणाऱ्याला विचारण्यापेक्षा मेडिकलवाल्याला किंवा पानटपरीवाल्याला विचारा, तो रोज तिथेच बसतो. "इथंच आहे, सरळ जा" हे उत्तर आलं तर "डाव्या हाताला काय लागेल?" असं उलट विचारा आणि पुढच्या चौकात दुसऱ्या कुणाकडून खात्री करा. मग ज्यांच्याकडे जायचंय त्यांना फोन लावा, पण वेळ टळायच्या आधी. पंधरा मिनिटं आधी "मी सेव्हन हिलला आहे, उशीर होतोय" म्हटलं तर नंबर मागे ढकलून देतात. अर्ध्या तासानं जाऊन रिसेप्शनवर कारणं सांगितली तर "दुपारनंतर बघू" हेच ऐकायला मिळतं. फोनची बॅटरी संपू शकते, म्हणून त्यांचा फोन नंबर पत्त्याच्याच कागदावर लिहून खिशात ठेवा.