बीटलचा कार्ब्युरेटर उघडण्याआधी: या चुका टाळा

फोक्सवॅगन बीटलचं मागचं झाकण उघडलं की हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर समोरच दिसतो. एअर फिल्टर बाजूला केला की त्याचे सगळे स्क्रू हाताशी. त्यामुळे गाडी मिसिंग करो, पिकअप न घेवो की सिग्नलला बंद पडो, पहिला स्क्रू-ड्रायव्हर त्याच्यावरच चालतो. माझ्या गाडीला 1600 सीसीचं डबल पोर्ट इंजिन आणि सोलेक्स 34 पिक्ट-3 कार्ब्युरेटर आहे. पहिली दोन वर्षं मी तो इतक्यांदा खोलला, की त्याची पॅकिंग मी डझनाने आणायचो. खरा दोष बहुतेक वेळा दुसरीकडेच असायचा.

रांगेत कार्ब्युरेटरचा नंबर शेवटचा. आधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या लिव्हरची फट), मग पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगी पाडणारे संपर्क), मग टायमिंग (ठिणगीची वेळ), आणि हे तिन्ही जागेवर असतील तरच पुढे. टॅपेटची फट 0.15 मिलिमीटर, आणि ती इंजिन पूर्ण गार असताना. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी, चहाच्या आधी. एका सिलिंडरची फट संपली की त्याचं कॉम्प्रेशन जातं, स्लो (पाय काढल्यावरचा इंजिनाचा वेग) डगमगतो, आणि आपण हवा-पेट्रोलचा स्क्रू पिळत बसतो. जुन्या इंजिनांत तीन नंबरचा सिलिंडर जास्त तापतो, कारण ऑइल कूलर त्याच्या हवेच्या वाटेतच उभा असतो. तो टॅपेट दोनदा तपासा. पॉइंटची फट 0.4 मिलिमीटर.

पॉइंटला जोडलेला कन्डेन्सर हा यातला सगळ्यात लबाड. गाडी वीस मिनिटं झकास चालते, तापली की मरते, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. जमलेले सगळे छातीठोक सांगतात, "पेट्रोलचा एअर लॉक झालाय, नळीत वाफ अडकलीय." रस्त्याच्या कडेलाच निकाल लावता येतो. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, कार्ब्युरेटरच्या घशात बघत अ‍ॅक्सिलरेटरची लिव्हर हाताने ओढा. पेट्रोलची बारीक, ठसठशीत धार आली तर पेट्रोल पोचलेलं आहे. मग ठिणगी शोधा. धार आली नाही तर पेट्रोलकडे वळा, किंवा अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम फाटलेला असेल. ही एक सवय लागली असती तर माझे बरेच रविवार वाचले असते.

पाय दाबल्यावर गाडी क्षणभर गिळते आणि मग पळते, ही तक्रारही कार्ब्युरेटरच्या नावावर जाते. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा भाग, बघा. पुष्कळ गाड्यांवर नंतर कोणीतरी बॉशचा 009 बसवलेला असतो. त्याला इंजिनाच्या ओढीवर ठिणगी लवकर पाडणारा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स नाही, आणि 34 पिक्ट-3 बरोबर ही जोडी जमत नाही. जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) कितीही बदला, पाय दाबल्यावरचा तो खड्डा पूर्ण भरत नाही. व्हॅक्यूमवाला डिस्ट्रिब्युटर लावा.

आता स्क्रू. या कार्ब्युरेटरला सेटिंगचे तीन आहेत, आणि नेमका चुकीचाच आधी फिरवला जातो. चोकच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या चकतीला टेकणारा स्क्रू थ्रॉटल (हवेची झडप) उघडतो. जुन्या 28 पिक्टवर स्लो त्यानेच सेट व्हायचा, म्हणून मुरलेल्या मिस्त्रींचा हात आपसूक तिकडे जातो. 34 वर तो फिरवला की थ्रॉटलची पट्टी जागा सोडते, स्लोच्या वाटा निकामी होतात आणि व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स नको तेव्हा जागा होतो. चोक पूर्ण उघडा असताना तो चकतीच्या सगळ्यात खालच्या पायरीला नुसता टेकवा, पाव फेरा आत द्या आणि विसरून जा.

स्लो सेट करायचा तो डाव्या बाजूच्या मोठ्या बायपास स्क्रूने, मिश्रण शेजारच्या लहान स्क्रूने. इंजिन बंद असताना लहान स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत (जोर लावला तर टोकाला खाच पडते), मग अडीच फेरे बाहेर. आता गाडी पूर्ण गरम करा. मोठ्या स्क्रूने 850 आरपीएम आणा. लहान स्क्रू बाहेर घेत इंजिन सगळ्यात वेगात कुठे चालतं ते शोधा, तिथून अगदी हळू आत, 20-30 आरपीएम पडेपर्यंत. मोठ्या स्क्रूने पुन्हा 850. संपलं.

लहान स्क्रू फिरवून इंजिनाला काहीच फरक पडत नसेल तर फिरवणं थांबवा. चावी ऑन-ऑफ करून कार्ब्युरेटरच्या बाजूच्या स्लोचं पेट्रोल सोडणाऱ्या-रोखणाऱ्या कट-ऑफ व्हॉल्व्हचा 'टक्' आवाज येतो का ऐका. त्याची एक वायर निसटली की गाडी रेसवर चालते आणि पाय काढला की मरते. आवाज येत असेल तर स्लोचा जेट तुंबलाय, नाहीतर कुठूनतरी हवा खेचली जातेय: मॅनिफोल्डचे (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांचे) रबरी जोड, बुडाचं पॅकिंग, झिजलेला थ्रॉटलचा दांडा. गार इंजिन सुरू करून त्या जागी थोडं थोडं कार्ब क्लीनर मारा. आवाज बदलला की जागा सापडली.

जेटमध्ये तार घालू नका. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास आहे, 127.5 म्हणजे 1.275 मिलिमीटर. पितळेवर तार एकदा फिरली की तो आकडा खोटा. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो.

थंडीच्या सकाळी, नाशिककडे डिसेंबरात वगैरे, गाडी अडखळत असेल आणि मॅनिफोल्डला घाम फुटत असेल, तर त्याच्या खालून जाणारी गरम धुराची बारीक नळी चाचपून बघा. दहा मिनिटांनी हात लावता येऊ नये. गार असेल तर ती कार्बनने बुजलीय.

इंजिनावरच्या पेट्रोल चढवणाऱ्या पंपाबद्दल एक. बाजारातले नवे पंप कधीकधी जास्त दाब देतात, आणि तीन-चार पीएसआयच्या वर गेलं की पेट्रोल रोखणारी फ्लोटची नीडल हार मानते. पेट्रोल घशात ठिबकतं, सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, पातळी वाढलेली दिसली, तर गाडी सुरू करू नका. ऑइल बदलून मग दोष शोधा. पंपाखालचा दांडा डायनॅमोवाल्या इंजिनाच्या पंपाला 108 मिलिमीटरचा, अल्टरनेटरवाल्याला 100 चा. अदलाबदल झाली तर पंप फुटतो किंवा पेट्रोलच चढवत नाही.

आणि आग. यावर मी लांबण लावणार आहे, कारण मिश्रण चुकलं तर गाडी घरी टो होऊन येते, पण इथे चुकलं तर येतच नाही. कार्ब्युरेटरच्या डोक्यात पेट्रोल नेणारी पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते. वर्षांच्या थरथरीने ती सैल होते आणि एक दिवस पाइपासकट बाहेर येते. पंप चालूच, खाली डिस्ट्रिब्युटरची ठिणगी. बोटांनी पिळून बघा. हलली तर काढून आटे पाडलेली नळी बसवा. कापडाच्या वेणीचे पाइप बाहेरून शाबूत दिसतात आणि आतून चिरलेले असतात, वाकवून बघा. पारदर्शक प्लॅस्टिकचा फिल्टर डिस्ट्रिब्युटरवर टांगलेला असेल तर आजच काढा. टाकी पुढे असते, पेट्रोलची नळी मधल्या बोगद्यातून गिअरबॉक्सजवळ बाहेर येते. फिल्टर तिथे, इंजिनच्या खोलीबाहेर हवा. इंजिनची केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. ती पेटली की पाणी मारून उलट भडकते. अग्निशामक ड्रायव्हरच्या सीटजवळ ठेवा.

2025 पासून आपल्या पेट्रोल पंपांवर बहुतेक ठिकाणी 20 टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाने याची तक्रार करायची तरी कोणाकडे! पण जुनी रबरं त्याने फुगतात, टाकीतला वर्षांचा गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो, मिश्रण थोडं पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी). इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी सोडू नका. इथेनॉल सोसणारे पाइप आणि डायफ्राम घाला. मी मुख्य जेट एक नंबर मोठा घातला आणि प्लगचा पांढरेपणा (पातळ मिश्रणाची खूण) गेला, पण हे प्लग बघूनच करायचं.

इंजिनभोवतीचे पत्रे आणि कडेचं रबर 'बिनकामाचं' म्हणून काढून टाकलेल्या गाड्या मी पाहिल्यात. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला तेच रेडिएटर. ते नसले की खालची तापलेली हवा पंख्यात परत शिरते, पेट्रोल उकळतं, आणि मग एअर लॉक खरोखरच होतो.

राहिला एक दोष, जो अजून कुठल्याच मिस्त्रीला लवकर सापडलेला नाही. 1962 च्या आधीच्या बहुतेक बीटलना पेट्रोलचा काटा नव्हता. पायाशी रिझर्व्हची लिव्हर असायची. गेल्या खेपेला ती रिझर्व्हवर फिरवून परत वळवायची राहिली, तर टाकी कोरडी होईस्तोवर गाडी मुकाट्याने पळत राहते. तेव्हा आधी ती लिव्हर कुठे आहे ते बघा, मग टाकीचं झाकण उघडून आत काठी घाला.