फेस्टिव्हलचा फॉर्म भरण्याआधी या चुका टाळा

पहिला सिनेमा हातावेगळा झाला की दिग्दर्शकाला घाई सुटते. फिल्मफ्रीवेवर, म्हणजे फेस्टिव्हलना ऑनलाइन फिल्म पाठवायच्या वेबसाइटवर, खातं उघडायचं, दिसेल त्या फेस्टिव्हलची फी भरायची आणि मिळतील तेवढे लॉरेल, म्हणजे निवड झाल्याची पानांची चिन्हं, पोस्टरवर चिकटवायचे. या घाईत चांगल्या फिल्म वाया जाताना मी वर्षानुवर्षं पाहतोय.

सगळ्यात महागात पडतं ते प्रीमियर, म्हणजे फिल्मचा पहिला जाहीर खेळ, उधळणं. साताऱ्याकडच्या एका मुलाने गावातल्याच माणसांना घेऊन पूर्ण लांबीची फिल्म केली. फार नेटकी. पहिला होकार एका छोट्या फेस्टिव्हलकडून आला आणि त्याने त्याच दिवशी हो म्हणून टाकलं. शो एका सांस्कृतिक सभागृहात, सकाळी. फिल्म पेन ड्राइव्हवरून लावली. ऐन शेवटच्या प्रसंगात बॅटरी संपत आल्याची लॅपटॉपची सूचना मोठ्या पडद्यावर झळकली, मग कुणीतरी चार्जर शोधायला धावलं. पुढे एका मोठ्या फेस्टिव्हलला फिल्म आवडली, पण त्यांना भारतातला पहिला खेळ हवा होता. तो तर होऊन गेला होता. बोलणं तिथेच थांबलं.

छोटा फेस्टिव्हल वाईट असतो, असं मी अजिबात म्हणत नाही. तालुक्याच्या गावात शो संपल्यावर तासभर थांबून प्रश्न विचारणारे प्रेक्षक मी पाहिलेत. प्रश्न क्रमाचा आहे. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे इफ्फी, नोव्हेंबरात गोव्यात, केरळचा आंतरराष्ट्रीय महोत्सव (आयएफएफके) साधारण डिसेंबरात तिरुवनंतपुरमला, पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव, म्हणजे पिफ, बहुधा जानेवारीत. या तिघांच्या मुदती आणि प्रीमियरच्या अटी आधी कागदावर मांडा. मराठी फिल्मला पिफमध्ये स्वतंत्र स्पर्धा विभाग आहे. फिल्म विकायची असेल तर गोव्यात इफ्फीबरोबर भरणारा वेव्हज फिल्म बाजार (आधीचा फिल्म बाजार) बघा. अनोळखी प्रेक्षक हवा असेल तर केरळ, तिथे लोक परभाषेतल्या सिनेमासाठीही रांगा लावतात.

दुसरी चूक नावाला भुलण्याची. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द कुणीही लावतं. दर महिन्याला विजेते जाहीर करणारे आणि एकही खेळ न दाखवणारे महोत्सव ढिगाने आहेत. तिथे फी भरणं म्हणजे प्रमाणपत्र विकत घेणं, आणि मला ते साफ नामंजूर आहे. मी फॉर्मला हात लावण्याआधी गेल्या वर्षीचं वेळापत्रक मागवतो. थिएटर कुठलं, नवोदितांना कुठली वेळ दिली, ज्युरीत कोण होतं, हे बघतो. मग तिथे फिल्म दाखवलेल्या एखाद्या दिग्दर्शकाला फोन लावतो: प्रेक्षक किती होते? प्रोजेक्शन कसं होतं? नंतर चर्चा झाली का? इतकं करायचा कंटाळा असेल तर फीचे पैसे सबटायटल्सवर खर्च करा.

माहितीपट किंवा लघुपट असेल तर कथापटांच्या गर्दीत शिरू नका. मुंबईचा आंतरराष्ट्रीय महोत्सव, म्हणजे मिफ, आणि केरळचा माहितीपट-लघुपट महोत्सव (आयडीएसएफएफके) त्यासाठीच आहेत.

सेन्सॉर प्रमाणपत्र नाही म्हणून थांबू नका. महोत्सवाला माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळू शकते. ती घेतली आहे का, एवढं आयोजकांना विचारा.

आणि डीसीपी, म्हणजे थिएटरात लावायची फिल्मची डिजिटल प्रत, लॅबमधून आल्यावर तशीच कुरिअर करू नका. जवळच्या थिएटरात सकाळच्या पहिल्या खेळाआधी वेळ मागून घ्या आणि आवाज, सबटायटल्स सगळं शेवटच्या रीळापर्यंत बसून तपासा.